नावाचं काय, पत्ता बरोबर आहे

माझ्या ओळखीतला सगळ्यात अस्सल पुणेकर सटाण्याचा होता, आणि मी त्याला ओळखायला लागलो तेव्हा त्यानं पुणं एकदाही पाहिलेलं नव्हतं. नव्वदच्या दशकाचा शेवट शेवट होता. दहावी होऊन मी चांदवडहून आणि तो सटाण्याहून नाशिकला पॉलिटेक्निकच्या मेकॅनिकलला आलो. मखमलाबादच्या रस्त्याला फुलांचा मळा असलेल्या एका मावशींनी विहिरीजवळची खोली आम्हा दोघांना भाड्यानं दिली. पहिल्या दिवशी मी पिशव्या घेऊन दारात उभा राहिलो, तर हा खोलीच्या मधोमध पत्र्याच्या पेटीवर मांडी घालून बसलेला. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, "ये, बस. मी काही इथं कायमचा नाही. तीन वर्षांनी पुण्याला जातोय." गाडीची वाट बघणारा माणूस थांब्यावर शेजारच्याशी जेवढ्या आपुलकीनं बोलतो, तेवढीच आपुलकी त्याच्या आवाजात होती. आठवड्याभरात सगळं पॉलिटेक्निक त्याला पुणेकर म्हणायला लागलं, आणि त्यात थट्टा आहे हे त्याला तीन वर्षांत एकदाही जाणवलं नाही.

तो पेटीवरून उठला तेव्हा मला पेटी दिसली. निळा ऑइलपेंट, चार कोपऱ्यांत चार कमळं, मधे पिवळ्या अक्षरांत लाल सावली देऊन त्याचं पूर्ण नाव, त्याखाली 'मेकॅनिकल, द्वितीय वर्ष' आणि त्याखाली पुण्याच्या एका मोठ्या, जुन्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलचा पत्ता. त्याचे वडील सटाण्यातले पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकमागचे मोर, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, गावात जे जे रंगवलेलं होतं ते त्यांच्या हातचं. पोराच्या पेटीवर त्यांनी सगळी कला ओतली होती. फक्त जागेचा अंदाज चुकल्यानं 'पुणे' ही दोन अक्षरं कडीजवळ अंग चोरून बसली होती. "आणि पहिलं वर्ष?" मी विचारलं. "आपल्याला पहिलं वर्ष नसतं," तो म्हणाला.

हे खरं होतं. आमच्यासारख्यांसाठी इंजिनीअरिंगला जायची ती बाजूची वाट होती. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करायचा आणि मार्क भरपूर असतील तर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा. बारावी होऊन आलेली हुशार पोरं तिथं आधीच ऐसपैस बसलेली असत. आपण जाऊन त्यांच्या बाकाच्या कडेला टेकायचं. पुण्याच्या त्या कॉलेजात मेकॅनिकलला अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांच्यावर राज्यातल्या झाडून सगळ्या पॉलिटेक्निकांच्या पहिल्या नंबरांचा डोळा. आमचे मास्तरसुद्धा 'प्रयत्न करायला हरकत नाही' एवढंच म्हणायचे. पुणेकराला त्या शब्दाची चीड होती. "प्रयत्न कसला? रविवार कारंज्यावरून पंचवटीत जाताना तू प्रयत्न करतोस का? जातोस ना सरळ?" असं तो विचारायचा.

एकदा तिथलाच झाला म्हटल्यावर नाशिकशी त्याचा व्यवहार पाहुण्यासारखा राहिला. त्या कॉलेजला तो 'आपलं कॉलेज' म्हणे. तिथलं माहितीपुस्तक त्यानं कुठून तरी मिळवलं होतं, आणि वर्कशॉपपासून मेसपर्यंत किती पावलं पडतात याचा हिशेब त्यातल्या नकाशावर पट्टी ठेवून काढला होता. तीन वर्षांत त्यानं छत्री घेतली नाही, कारण "आता पुण्यालाच घेऊ". तीनही पावसाळे तो माझ्या छत्रीत होता, आणि छत्री त्याच्या बाजूला. खोली सोडत असल्याची लेखी नोटीस त्यानं मावशींना पहिल्याच महिन्यात दिली. मावशींना वाचता येत नव्हतं. सुबक अक्षरातला कागद पाहून त्यांनी तो देवापुढं ठेवला आणि रोज त्यावर फूल वाहायला लागल्या. पुढं मी त्यातला मजकूर सांगितला तेव्हा त्या तरातरा खोलीवर आल्या. "काल आला न लगेच चालला? काय कमी पडलं रं? पानी पुरत नाय का?" पुणेकरानं त्यांना शांतपणे समजावलं की अजून पस्तीस महिने आहेत, पण वेळेवर सांगितलेलं बरं असतं.

पुण्याला कमी पडायला नको म्हणून त्यानं तिथली भाषाही आधीच सुरू केली. एकदा मिसळीच्या दुकानात त्यानं वाढप्याला "जरा रस्सा वाढता का, कृपया?" असं विचारलं. वाढपी आत गेला आणि मालकाला घेऊन आला. मालक हात पुसत म्हणाला, "साहेब, तेल रोज बदलतो आम्ही." त्याला वाटलं, अन्न तपासणारे साहेब आले. पण हे पुणेरीपण होतं वरवरचं. चिडला किंवा फार आनंद झाला की सगळी 'कृपया' गळून पडायची आणि आतली अहिराणी उसळून वर यायची. कुणी त्याची बादली उचलली की "मनी बादली कोठे शे?" ही आरोळी मळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू जायची आणि गुलाब खुडणाऱ्या बाया हसायला लागायच्या.

मात्र त्याचा खरा आजार वेगळाच होता. त्याला चूक बघवत नसे. दुसऱ्याची असो, भिंतीवरची असो, देवळातली असो, ती दुरुस्त केल्याशिवाय त्याला अन्न गोड लागायचं नाही. आमच्या कॅन्टीनबाहेर पाटी होती, 'गरम वडे सकाळी ९ वाजता'. वडे यायचे साडेनवाला. त्यानं कॅन्टीनवाल्याला जाऊन सांगितलं, "एक तर वडे सुधारा, नाही तर पाटी." कॅन्टीनवाला म्हणाला, "तूच सुधार." पुढच्या वेळी गावाहून येताना त्यानं वडिलांचा ब्रश आणला आणि पाटीवर झकास अक्षरांत साडेनऊ केलं. दुसऱ्या दिवसापासून वडे दहाला यायला लागले. हा इरसाल अनुभव गाठीशी असूनही तो सुधारला नाही, आणि त्याचीच पुढं आम्हा दोघांना किंमत मोजावी लागली.

दुसऱ्या वर्षी त्याच्या लक्षात आलं की पुण्यात एकट्याला करमणार नाही. म्हणून त्यानं मला बरोबर न्यायचं ठरवलं. माझं मत विचारायचा प्रश्न नव्हता. मी तोवर साठ टक्क्यांत सुखी असलेला माणूस. पास झालो की घरी पेढे वाटत. पण पुणेकरानं मला हातात घेतलं. मावशींच्या अंगणात आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता. रोज सकाळी त्या बंबापुढं बसवून तो मला बॉयलर शिकवायचा. लाकडं किती घातली, पाणी किती तापलं, राहिलेली उष्णता गेली कुठं? उत्तर आल्याशिवाय आंघोळ नाही. मावशी फुलांची टोपली घेऊन जाता जाता म्हणायच्या, "आरं, आंघोळ कराची का परीक्षा द्याची?" तो त्यांनाही सोडत नसे. "मावशी, बंबात जेवढं घातलं त्याच्यापेक्षा जास्त कधी बाहेर येईल का?" मावशी म्हणायच्या, "नाय बा." मग तो माझ्याकडं वळून म्हणायचा, "बघ. त्यांना कळतं. एवढं एक लक्षात ठेवलंस तरी अर्धं मेकॅनिकल आलं." एका वर्षात माझे मार्क पंचवीस टक्क्यांनी चढून त्याच्या जवळपास आले. घरच्यांना वाटलं, नवस फळला.

शेवटच्या वर्षाची परीक्षा आली. थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश याच मार्कांवर होता. त्या पेपरात बॉयलरचा एक मोठा प्रश्न होता, त्याची कार्यक्षमता काढायची. मी आकडे मांडले, गणित केलं, उत्तर आलं एकशे चार टक्के. मला क्षणभर बंब आठवला, मावशींचं 'नाय बा' आठवलं. पण पेपर संपत आला होता. मी एकशे चारच्या खाली दोन ठसठशीत रेघा मारल्या आणि पुढचा प्रश्न घेतला. बाहेर आलो तर पुणेकर झाडाखाली लालबुंद होऊन उभा. त्यानंही एकशे चारच काढले होते. मग त्यानं उत्तर खोडलं, बॉयलर शंभराच्या वर जाणं कसं अशक्य आहे यावर पानभर लिहिलं, प्रश्नातला पाण्याच्या तापमानाचा आकडा छापताना चुकला असणार असं नमूद करून तो स्वतःच्या अधिकारात बदलला, आणि सुधारलेला प्रश्न नव्यानं सोडवून दिला. "बरं झालं, त्यांना वेळेत कळलं," तो म्हणाला.

तपासणाऱ्याकडं छापील उत्तर असणार, आणि त्यात एकशे चार असणार. मला त्या प्रश्नाचे पूर्ण मार्क मिळाले, त्याला जवळजवळ काहीच नाही. त्यानं फेरतपासणीचा अर्ज केला, तोही चांगला चार पानांचा. उत्तर आलं, गुणांत बदल नाही. सगळे मार्क धरून मी त्याच्या तीन मार्कांनी पुढं गेलो होतो. राज्याची गुणवत्ता यादी लागली तेव्हा आमची नावं एकाखाली एक होती, वर मी आणि खाली तो. त्यानं यादी वाचली, माझी पाठ थोपटली आणि म्हणाला, "वा, शेजारी शेजारी. खोलीही एकच मिळेल."

प्रवेशाची फेरी पुण्यातच एका सभागृहात होती. यादीतले नंबर पुकारायचे, आपला आला की टेबलापुढं उभं राहून कॉलेज सांगायचं, आणि सांगितलं ते कायमचं. आम्ही पहाटेच्या गाडीनं निघालो. पुणेकरानं पेटी बरोबर घेतली होती. "परत कोण येणार न्यायला?" असा त्याचा सवाल होता. मी वाटेत मनाशी ठरवून टाकलं की त्या कॉलेजची एकच जागा उरली, तर आपण नाशिक सांगायचं आणि ती त्याला सोडायची. आपण किती चांगले आहोत या विचारानं मला संगमनेरपर्यंत छान झोप लागली.

सभागृहात एक मोठा फळा होता. कॉलेजांची नावं, पुढं उरलेल्या जागा. जागा गेली की शिपाई ओल्या फडक्यानं आकडा पुसून खालचा आकडा लिहायचा. पुणेकर शेवटच्या रांगेमागं भिंतीशी पेटी टेकवून तिच्यावर बसला होता. आपल्या कॉलेजपुढचा चार तीन झाला, तीनचा दोन झाला. माझा नंबर पुकारला तेव्हा तिथं एक होता. टेबलामागचे साहेब म्हणाले, "बोला लवकर. कोणतं?" मी फळ्याकडं पाहिलं. खोटं कशाला सांगू, ती जागा मला हवी होती. ती हवीशी वाटायला त्यानंच मला बंबापुढं बसवून शिकवलं होतं. नाशिक म्हणायचं ठरलं होतं, आणि मी फळ्यावरचा तो एक बघत राहिलो. तेवढ्यात मागून आरोळी आली, "लई ले भो! लई ले! मांगे नको देखू!" अख्खं सभागृह मागं वळलं. पुणेकर पेटीवर उभा राहून घेऊन टाक, मागं बघू नकोस म्हणून ओरडत होता. त्याची हाक आधी आली की माझ्या तोंडून पुणे आधी गेलं, हे मला आजतागायत नक्की सांगता येत नाही. हाक आधी आली असं मी लोकांना सांगतो.

शिपायानं एक पुसून शून्य लिहिलं. पुढचा नंबर त्याचा होता. तो खाली उतरला, शर्ट नीट खोचला, टेबलापुढं गेला आणि पुन्हा आपल्या स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाला, "नाशिक, मेकॅनिकल." सही केली, आणि निघता निघता साहेबांना सांगितलं, "आणि साहेब, तुमच्या तक्त्यात तिसऱ्या ओळीची बेरीज चुकली आहे, कृपया बघून घ्या." साहेबांनी बघितली. चुकली होती.

परतीच्या गाडीत पेटी आमच्या दोघांच्या पायांशी होती आणि पाय कुठं ठेवावे हे मला कळत नव्हतं. नारायणगाव मागं पडेपर्यंत तो पेटीची कडी उघडझाप करत होता. मग म्हणाला, "बॉयलर शंभराच्या वर जाऊच शकत नाही." मी म्हटलं, "नाही." "मग झालं तर," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. मला त्या वेळी स्वतःची इतकी लाज वाटली की मी झोपल्याचं सोंग घेतलं.

माझ्या जायच्या आदल्या दिवशी मी वडिलांची जुनी वळकटी बांधत होतो. त्यानं आपली पेटी रिकामी केली आणि माझ्यापुढं सरकवली. "ही ने." मी म्हटलं, "अरे, तुझं नाव आहे तिच्यावर." तो म्हणाला, "नावाचं काय, पत्ता बरोबर आहे. इथं ठेवली तर ती चुकीची होईल." चूक त्याला बघवत नसे, हे मी सांगितलंच आहे. पेटी मला द्यायचं त्यानं घरी आधीच कळवलं होतं, म्हणून त्याच दिवशी त्याचे वडील सटाण्याहून आले. पिशवीत निळ्या रंगाचा छोटा डबा आणि ब्रश होता. नाव बुजवून माझं घालायला आले होते. पोरानं त्यांना अडवलं. "बाबा, रिकाम्या जागांची फेरी व्हायचीय अजून. कोणीतरी सोडेलच की. मग परत लिहिणार का?" पेंटरबाबांनी त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि डबा बंद केला. मग आलोच आहे म्हणून एका कमळाचा उडालेला टवका भरून दिला. त्यांच्याकडं वर मान करून बघायचं धैर्य मला झालं नाही. सकाळी मावशींनी गुलाबाचा हार आणला होता. तो कोणाच्या गळ्यात घालावा हे न समजून त्यांनी पेटीला घातला.

त्या फेरीत कोणी जागा सोडली नाही, हे सांगून टाकतो. त्यानं नाशिकलाच डिग्री केली. आता तिथंच अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं बॉयलर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, आणि आपल्या बॉयलरची तारीफ करणारे भलेभले कारखानदार त्याच्यापुढं आवाज खाली करून बोलतात. दारावर वडिलांच्या हातची पाटी आहे, 'शंभराच्या वर गॅरंटी मिळणार नाही'. मध्यंतरी आमच्या कॉलेजचा काही विषय निघाला तेव्हा तो मला म्हणाला, "आपल्या कॉलेजात वर्कशॉपच्या मागून मेसला जवळचा रस्ता आहे, तू कधी गेलाच नसशील." मी खरंच गेलो नव्हतो.

तर पेटी. ती त्यानं मला उचलू दिली नाही. पुण्यापर्यंत तो स्वतः आला आणि स्टँडपासून हॉस्टेलपर्यंत पेटी खांद्यावर घेऊन पुढं चालला. मी वळकटी घेऊन मागं. रस्ता त्यालाच माहीत होता. हॉस्टेलच्या फाटकाशी वॉचमननं आम्हाला थांबवलं. त्यानं पेटीवरचा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचला, कडीजवळचं पुणेसुद्धा, आणि विचारलं, "विद्यार्थी कोण?"

"मी," पुणेकर म्हणाला. "हा माझा मित्र. नाशिकहून सोडायला आलाय."

त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. वॉचमननं पाहुण्यांची वही माझ्यापुढं टाकली. मी पेन घेतलं. पाहुण्याचं नाव या रकान्यात माझं नाव लिहिलं, आणि कोणाकडे आले या रकान्यात त्याचं. वही पाहुण्यांसारखीच नीट भरली. त्यात एकही गोष्ट मला खोटी वाटली नाही.

मग चार तास तो त्या कॉलेजचा विद्यार्थी होता. त्यानं मला सगळं दाखवलं. वर्कशॉप, ग्रंथालय, नदीकडची बाजू. पावलं मोजली, नकाशातल्या हिशेबात अकरा पावलांची चूक निघाली, ती त्यानं माहितीपुस्तकात दुरुस्त केली. खोलीत खिडकीजवळची खाट निवडून तिच्याखाली पेटी सरकवली, नाव भिंतीकडं नाही, बाहेरच्या बाजूला. खाटेवर बसला, दोनदा उडी मारून पाहिली. "चांगली आहे," म्हणाला. "ही सोडू नकोस कोणाला."

सहा वाजता वॉचमननं खालून हाक मारली, "ओ नाशिकचे पाहुणे, वेळ संपली!" आम्ही दोघं खाली गेलो. पुणेकरानं वही ओढून घेतली. माझ्या नावापुढचा जाण्याच्या वेळेचा रकाना रिकामा होता. त्यात त्यानं आपल्या वडिलांच्या वळणाच्या अक्षरात सहा लिहिले, पेन बंद केलं, माझा खांदा एकदा दाबला आणि फाटकाबाहेर पडला. कोपऱ्यापर्यंत तो सरळ चालत गेला. कोपऱ्यावर मात्र तो उगाच थांबून कसली तरी पाटी वाचत राहिला, बराच वेळ.

वॉचमन वहीकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत होता. "मग गेला कोण?" त्यानं विचारलं. मी वर गेलो. पुढची तीन वर्षं वॉचमन मला पेटीवरच्या नावानं हाक मारायचा, आणि मी ओ द्यायचो.